काचबिंदू : जनुके, घराणे आणि दृष्टी

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे ऐकायला इतकी जवळची आहेत की, अनेक घरांमध्ये हे दोन्ही आजार एकच समजले जातात. ‘बिंदू पिकला की काढून टाकू’ या समजुतीने माणसे थांबून राहतात. मोतीबिंदूच्या बाबतीत या थांबण्याने बहुधा फारसे बिघडत नाही. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी परत येते. काचबिंदूच्या बाबतीत मात्र गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. उरलेली दृष्टी राखणे एवढेच वैद्यकाच्या हाती असते. म्हणूनच हा आजार कोणाला होण्याची शक्यता अधिक आहे, हे आधी ओळखता येणे महत्त्वाचे ठरते. या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत दडलेले आहे.

भारतात ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख व्यक्तींना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला. आंध्र प्रदेश, तमिळनाडू, पश्चिम बंगाल येथे झालेल्या लोकसंख्याधारित पाहण्यांमधून त्याहून गंभीर बाब पुढे आली होती. पाहणीत ज्यांना काचबिंदू असल्याचे आढळले, त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वात काचबिंदूचा वाटा ५.५ टक्के आढळला. मोतीबिंदूच्या ६६.२ टक्क्यांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु ते ६६ टक्के लोक शस्त्रक्रियेने पुन्हा पाहू शकतात, हे ५.५ टक्के लोक पाहू शकत नाहीत.

न कळता होणारी हानी

डोळ्याच्या पुढील भागात नेत्रजल नावाचा स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि पारपटल व बुबुळ यांच्यामधील कोनात असलेल्या बारीक जाळीतून तो वाहून जातो. न्हाणीघरातील मोरीची जाळी तुंबली की पाणी साचते, त्याप्रमाणे या जाळीतून निचरा नीट झाला नाही तर डोळ्यातील दाब वाढतो. सर्वसाधारणपणे हा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. वाढलेला दाब नेत्रचेतेवर, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर पडतो. या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात व ते हळूहळू मरत जातात. प्रथम बाजूची दृष्टी कमी होते. समोरचे अक्षर स्पष्ट दिसत राहिल्याने रुग्णाला काहीच जाणवत नाही. दुखणे नाही, लाली नाही. रस्ता ओलांडताना बाजूने येणारे वाहन दिसले नाही किंवा जिन्याची पायरी चुकली, तर दोष वयाला दिला जातो.

हा झाला ‘खुल्या कोनाचा’ काचबिंदू. दुसऱ्या प्रकारात कोनच अरुंद असतो व बुबुळ पुढे सरकून जाळी झाकून टाकते. काही रुग्णांत दाब एकाएकी वाढून तीव्र डोकेदुखी व उलट्या होतात आणि उपचार मात्र अर्धशिशीचे किंवा पित्ताचे सुरू राहतात. तिसरा प्रकार जन्मजात काचबिंदूचा. दाब ‘सामान्य’ असूनही नसेची हानी होत राहते, असेही अनेक रुग्ण आहेत. त्यामुळे शिबिरात एकदा दाब मोजून ‘काचबिंदू नाही’ असे सांगणे धोक्याचे आहे. नसेचे मुख आणि दृष्टिक्षेत्र तपासल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

भावंडांची गणना

काचबिंदू काही घराण्यांत पुन्हा पुन्हा आढळतो, हे निरीक्षण जुने आहे. त्याचे मोजमाप मात्र नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील अभ्यासात १९९८ साली नेमकेपणाने झाले. संशोधकांनी रुग्णांच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्यांचे भाऊ, बहिणी व मुले यांना प्रत्यक्ष तपासले. रुग्णांच्या भावंडांपैकी १०.४ टक्क्यांना काचबिंदू निघाला. निरोगी व्यक्तींच्या भावंडांत हे प्रमाण ०.७ टक्के होते. आयुष्यभरातील जोखमीचा हिशेब केला असता रुग्णाच्या सख्ख्या नातलगांसाठी ती सुमारे २२ टक्के व इतरांसाठी २.३ टक्के आली. म्हणजे जवळजवळ नऊ पट.

प्रत्यक्ष तपासणीवर एवढा भर का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरच्या अभ्यासाने दिले. ज्यांच्या कुटुंबात काचबिंदू होता, अशा रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला आपल्या घराण्यातील या आजाराची माहितीच नव्हती. भारतात ही माहिती याहून पुष्कळच अपुरी असणार. ‘आजोबांना म्हातारपणी दिसत नव्हते’ एवढेच घरात ठाऊक असते; ते का दिसत नव्हते, हे कोणी विचारलेले नसते. त्यातच विवाहयोग्य मुलगी घरात असेल, तर घराण्यातील डोळ्यांच्या आजाराचा उल्लेख टाळला जातो. या लपवालपवीची किंमत बहुधा त्याच घरातील धाकट्या भावंडांना मोजावी लागते.

एका जनुकाचा शोध

काचबिंदूशी निगडित पहिल्या जनुकाच्या शोधाची हकिगत उद्बोधक आहे. १९९३ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास केला. या कुटुंबात तरुणपणीच, अत्यंत वाढलेल्या दाबासह काचबिंदू होत असे. दोष पहिल्या गुणसूत्रावर असल्याचे त्यांनी दाखवले. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथील दुसरा गट एका वेगळ्याच प्रश्नावर काम करीत होता : स्टिरॉइडचे थेंब वापरणाऱ्या काही लोकांच्या डोळ्यांचा दाब का वाढतो? निचऱ्याच्या जाळीतील पेशींना स्टिरॉइड दिले असता त्या एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करतात, असे त्यांना आढळले. १९९७ साली हे दोन धागे एकत्र आले. त्या कुटुंबातील सदोष जनुक याच प्रथिनाचे निघाले. त्याला पुढे मायोसिलिन हे नाव मिळाले.

या जनुकात विशिष्ट बदल झाला की प्रथिनाची घडी चुकते. चुकीच्या घडीचे प्रथिन पेशीबाहेर पडू शकत नाही, आतच साचते आणि जाळीतील पेशी त्या ओझ्याने निकामी होतात. गंमत अशी की, हे प्रथिन मुळीच तयार झाले नाही तरी काचबिंदू होत नाही. घात होतो तो बिघडलेल्या प्रथिनामुळे, त्याच्या अभावामुळे नव्हे. त्यामुळेच बिघडलेले जनुक शांत करता येईल का, या दिशेने प्रयोगशाळांत काम चालू आहे.

हा दोष प्रभावी स्वरूपाचा आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो व प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मात्र प्रौढ वयातील खुल्या कोनाच्या काचबिंदूपैकी केवळ २ ते ४ टक्के रुग्णांतच मायोसिलिनमधील दोष सापडतो. तरुणपणी होणाऱ्या काचबिंदूत हे प्रमाण बरेच अधिक आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत या जनुकातील जो बदल सर्वाधिक दिसतो, तो भारतीय रुग्णांत मुख्य नाही. कोलकाता व दक्षिण भारतातील अभ्यासांत येथील रुग्णांमध्ये वेगळा बदल पुन्हा पुन्हा आढळला. परदेशी रुग्णांसाठी बेतलेली चाचणी येथे जशीच्या तशी वापरता येत नाही, ती यामुळे.

स्टिरॉइडचा धागा येथे सोडून देता येणार नाही. १९६० च्या दशकातील प्रयोगांत असे दिसले होते की, काही आठवडे स्टिरॉइडचे थेंब घातल्यास साधारण एक तृतीयांश लोकांत दाब बेताचा वाढतो आणि सुमारे ५ टक्क्यांत तो फार वाढतो. काचबिंदूच्या रुग्णांत व त्यांच्या सख्ख्या नातलगांत अशी वाढ कितीतरी अधिक वेळा होते. ही प्रवृत्ती आनुवंशिक आहे, परंतु मायोसिलिनमधील दोष हे तिचे कारण नाही. तिचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही. उष्ण, कोरड्या हवेत मुलांच्या डोळ्यांना ॲलर्जीने खाज सुटते. स्टिरॉइडच्या थेंबांनी दोन दिवसांत आराम पडतो आणि मग तीच बाटली दर उन्हाळ्यात औषधाच्या दुकानातून आणली जाते. कायद्याने हे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ते सहज मिळतात. दाब वाढत असल्याचे कळेपर्यंत दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या नसेची भरून न येणारी हानी झालेली असते. ज्या घरात काचबिंदूचा रुग्ण आहे, त्या घरातील मुलांसाठी ही बाटली विशेष धोक्याची होय.

टपोऱ्या डोळ्यांचे बाळ

जन्मजात काचबिंदूत आनुवंशिकतेचा भाग सर्वांत ठळक आहे व भारताचा संबंधही सर्वांत निकटचा आहे. पाश्चात्य देशांत साधारण १० ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. आंध्र प्रदेशातील अभ्यासात हे प्रमाण ३,३०० जन्मांमागे १ असे आढळले आणि तेथील बालकांच्या अंधत्वात त्याचा वाटा ४.२ टक्के निघाला. सौदी अरेबियात २,५०० मागे १ व स्लोव्हाकियातील रोमा समाजात १,२५० मागे १ असे प्रमाण आहे. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे : नात्यात किंवा लहानशा समूहात होणारे विवाह.

दुसऱ्या गुणसूत्रावरील सीवायपी१बी१ हे जनुक १९९७ साली या आजाराशी जोडले गेले. येथील दोष अप्रभावी असतो. आई व वडील दोघांकडेही एकेक सदोष प्रत असते, पण दुसरी प्रत चांगली असल्याने त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. दोन्ही सदोष प्रती बाळाकडे गेल्या तरच आजार होतो आणि ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक इतकी असते. पुष्कळ पालक याचा अर्थ ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी होणार’ असा लावतात. तो चुकीचा आहे. नशिबाची सोंगटी दर वेळी नव्याने पडते.

आतेभाऊ-मामेबहीण यांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. मामा-भाचीच्या बाबतीत चौथा. आंध्र, तमिळनाडू, कर्नाटक येथे मामा-भाचीचे आणि महाराष्ट्रातील काही भागांत मामाच्या मुलीशी विवाह पूर्वापार चालत आले आहेत. अशा विवाहांत घराण्यातील एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी बाळाकडे येण्याची शक्यता वाढते. अर्थात नात्यातील प्रत्येक विवाहातून आजारी मूल जन्मते असे नाही. बहुसंख्य मुले निरोगीच असतात. शिवाय जन्मजात काचबिंदूचे सगळे रुग्ण या एका जनुकामुळे होत नाहीत. सौदी अरेबियात बहुतेक रुग्णांत हा दोष सापडतो, भारतीय कुटुंबांत मात्र निम्म्याहूनही कमी ठिकाणी. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील संशोधकांनी भारतीय रुग्णांत या जनुकातील कोणते बदल अधिक आढळतात, याचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आहे.

या आजाराची लक्षणे घरच्यांना दिसण्यासारखी असतात. फक्त ती आजाराची वाटत नाहीत. बाळाचे कवच अजून लवचीक असल्याने दाबामुळे डोळाच मोठा होतो. नातेवाईक बाळाच्या टपोऱ्या, सुंदर डोळ्यांचे कौतुक करतात आणि दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात. डोळ्यांतून सतत पाणी येणे, उजेडाकडे पाहताना बाळाने डोळे घट्ट मिटून घेणे, काळ्या भागावर धुरकट छटा दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास दिवस न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागते. येथे थेंबांवर भागत नाही. शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे आणि ती पहिल्या काही महिन्यांत झाली तर मूल शाळेत फळा वाचू शकेल इतकी दृष्टी राहू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून नवजात बालकांची जन्मदोषांसाठी तपासणी केली जाते. जन्मजात मोतीबिंदू शोधण्यासाठी बाळाच्या डोळ्यांत पाहणाऱ्या परिचारिकेला डोळ्याचा आकार व धुरकटपणा यांकडेही लक्ष देण्यास शिकवणे फार खर्चाचे नाही.

पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा भार

एकाच जनुकातील दोषाने होणारा काचबिंदू हा अपवाद होय. बहुसंख्य प्रौढ रुग्णांत अनेक जनुकांतील बारीकसारीक फरक एकत्र येतात व त्यांपैकी प्रत्येकाचा प्रभाव नगण्य असतो. हजारो रुग्ण व हजारो निरोगी व्यक्ती यांचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहण्याचे तंत्र उपलब्ध झाल्यावर हे चित्र उलगडू लागले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३४ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून खुल्या कोनाच्या काचबिंदूशी निगडित १२७ जागा निश्चित करण्यात आल्या. अरुंद कोनाच्या काचबिंदूसाठी २०१२ साली पहिल्या तीन जागा सापडल्या. त्या अभ्यासात भारतीय रुग्णांचाही समावेश होता.

अशा सर्व जागांचा हिशेब मांडून व्यक्तीचा ‘बहुजनुकीय जोखीम गुणांक’ काढता येतो. ज्यांचा गुणांक सर्वाधिक आहे त्यांना आजार लवकर होतो, असे परदेशी अभ्यासांत दिसले आहे. परंतु हे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. इतर समाजांत त्यांची अचूकता कमी होते. याचे एक बोलके उदाहरण म्हणजे २००७ साली आइसलँडमध्ये सापडलेले एलओएक्सएल१ हे जनुक. डोळ्यातील भिंगावर राखेसारखे कण साचून होणाऱ्या काचबिंदूशी त्याचा अतिशय घट्ट संबंध आढळला. भारतीय रुग्णांतही संबंध दिसला. पण जपानी लोकांत पाहिले असता, आइसलँडमध्ये जोखमीचा ठरलेला एक फरक तेथे नेमका उलट्या बाजूचा निघाला. शिवाय जोखमीचा म्हटला गेलेला हा फरक निरोगी माणसांतही सर्रास आढळतो. केवळ तो सापडला म्हणून कोणाला ‘तुम्हाला काचबिंदू होणार’ असे सांगणे अशास्त्रीय ठरेल.

भारतीयांच्या जनुकांची माहिती भारतातच जमवण्याची गरज यातून स्पष्ट होते. जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात देशाच्या विविध समाजांतील १०,००० व्यक्तींचे जनुकसंच वाचण्यात आले व ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. त्यातून काचबिंदूचे भारतीय गणित लगेच सुटेल असे नाही. त्यासाठी ज्यांचे डोळे नीट तपासलेले आहेत, अशा हजारो भारतीयांच्या नोंदी जनुकांच्या माहितीशी जोडाव्या लागतील, आणि नेमकी तीच बाजू लंगडी आहे.

चाचणी कोणाची, तपासणी कोणाची

जनुक चाचणीची जाहिरात आता शहरांत सर्वत्र दिसते. काचबिंदूपुरते बोलायचे तर तिचा उपयोग मर्यादित, पण खरा आहे. जन्मजात काचबिंदूचे मूल असलेले जोडपे आणि तरुणपणी काचबिंदू झालेल्या व्यक्ती अनेक पिढ्यांत असलेले कुटुंब, यांना समुपदेशनासह चाचणीचा लाभ होतो. दोष कोणाकडे आला व कोणाकडे नाही हे कळल्यास निम्म्या भावंडांची काळजी मिटते. वंशागत आजारांच्या निदानासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये ‘उम्मीद’ उपक्रमाखाली काही शासकीय रुग्णालयांत निदान केंद्रे स्थापण्यास आरंभ केला. साठीतील एखाद्या रुग्णाने मात्र पैसे खर्चून चाचणी करवली आणि काही निघाले नाही, तर त्याच्या मुलांची जोखीम त्यामुळे कमी होत नाही. तेथे घराण्याचा इतिहास हीच अधिक विश्वासार्ह चाचणी आहे व ती फुकट आहे.

जोखीम कळून उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दिले. डोळ्यांचा दाब वाढलेला, पण नसेची हानी अजून झालेली नाही अशा १,६३६ व्यक्ती दोन गटांत विभागण्यात आल्या. पाच वर्षांत उपचार न घेतलेल्या गटातील ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्या गटातील ४.४ टक्के लोकांना. अरुंद कोन वेळीच आढळल्यास लेसरने बुबुळाला सूक्ष्म छिद्र पाडून नेत्रजलाला वाट करून देता येते. ही प्रक्रिया काही मिनिटांची असते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला तेव्हा त्याचा सारा भर मोतीबिंदूवर होता आणि तो योग्यच होता. काचबिंदूसाठी त्याच धर्तीची सरसकट शिबिरे उपयोगी पडत नाहीत. तपासणीला वेळ, उपकरणे व प्रशिक्षित माणूस लागतो. गावातील सर्वांना बोलावण्यापेक्षा निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाचे भाऊ, बहिणी आणि मुले यांना बोलावले, तर तेवढ्याच श्रमात कितीतरी अधिक रुग्ण सापडतील. त्यासाठी केसपेपरवर सख्ख्या नातलगांची नावे, वये व गावे यांचा एक रकाना हवा आणि तो भरला गेल्यावर आशा कार्यकर्तीमार्फत निरोप पोहोचवण्याची व्यवस्था हवी. नोकरीसाठी सुरतेला किंवा बंगळुरूला गेलेल्या भावाला हा निरोप रुग्णानेच दूरध्वनीवरून द्यायचा आहे. ‘मला काचबिंदू आहे, तूही डोळे दाखवून घे, केवळ चष्म्याचा नंबर नको, नसेची तपासणी सांग’ एवढे तीन वाक्यांचे बोलणे त्यासाठी पुरेसे आहे.

अशा नातलगांनी चाळिशीपूर्वीच पहिली तपासणी करून घ्यावी व नंतर एक-दोन वर्षांच्या अंतराने ती चालू ठेवावी, असे नेत्रतज्ज्ञ सुचवतात. ज्या घराण्यात तरुणपणी काचबिंदू झाला आहे, तेथे मुलांची तपासणी किशोरवयातच सुरू होते. आणि ज्या घरात एका बाळाला जन्मजात काचबिंदू झाला आहे, तेथे पुढच्या बाळाचे डोळे जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच तपासून घ्यावे लागतात. ते टपोरे दिसत असोत वा नसोत.